रविवार: पूर्ण विश्रांती

नाही, उठू नका तौनोकाका, गळ राहू द्या भोकात, मी अशीच तळ्याच्या बर्फावर बसते — साइमीबद्दलच आहे. तुमच्या मुलीच्या खुब्याचं हाड तडकलंय. दवाखान्यातून आत्ता फोन आला, रविवार असूनही, मला, कारण तिचा लागत नाहीये आणि फॉर्मवर प्रशिक्षक म्हणून माझा नंबर आहे. पडली नाही, आपटली नाही, नुसतं ताण पडून पडून केसाएवढी भेग — आता पळणं बंद, कुबड्या घ्यायच्या. तसंच रेटलं तर हाड सरकतं, मग आत स्क्रू बसतात आणि पळणं कायमचं संपतं. एकोणीस वर्षांची आहे हो ती.

माझा तक्ता तुमच्या फ्रिजवरच आहे ना? चार दिवस पळणं, दोन दिवस पोहणं आणि सायकल, रविवारी पूर्ण विश्रांती. सात वर्षं ऑस्ट्रेलियात हेच शिकले मी — हिवाळ्यात शर्यती नसतात, तेव्हा शरीर भरून येतं, पळणारा घडतो तो या रिकाम्या बसण्यात. मग रविवारी ती काय करायची? — आजीकडे? — काका, आजी तळ्यापलीकडे राहते. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर, वर पाठीवर पिठाची पिशवी. 'त्यात काय, स्कीवर तर गेली.' हो, तुम्ही असंच म्हणणार, माझी आईही असंच म्हणते — दोन तास छपरावरचा बर्फ ओढते आणि सांगते, आज काही केलं नाही बाई, सुट्टी होती. आपल्याकडे स्की म्हणजे व्यायाम नाहीच, चालणंच ते. मीही इथलीच ना? 'पूर्ण विश्रांती' लिहून मोकळी झाले, ती म्हणजे काय ते सांगायला नको होतं का?

आणि मनगटावरचं ते नाडी मोजून मला पाठवणारं घड्याळ? — काढून ठेवायची. सुट्टी ना. म्हणून माझ्याकडे रविवार कोरा दिसायचा, म्हणून मला कळलं नाही, नाहीतर मी — नाही. तेवढंच नाही, काका. सोमवारी सकाळी तिची नाडी चढलेली असायची, दर सोमवारी, नऊ आठवडे. मी बघत होते. आमच्या खिडकीतून तळ्यावरची ती स्कीची रेघ दिसते, इथून थेट पलीकडे — तीही बघत होते. विचारलं नाही. विचारलं असतं तर पळणं कमी करावं लागलं असतं, आणि ती इतकी सुरेख पळत होती, क्लबातली जी म्हातारी मंडळी मला 'पुस्तकवाली' म्हणतात ती कुंपणाशी येऊन उभी राहायला लागली होती. मी उलट जानेवारीत आणखी वाढवलं. जांघेत दुखतंय म्हणाली, तर मी म्हटलं, थंडीने आखडलंय, दोन दिवस पोह. तपासणीचा हट्ट कॉलेजातल्या नर्सने धरला. मी नाही.

शिव्या तरी घाला — बरं, नका घालू, पण तिला तुम्ही सांगा. माझं ऐकायची नाही ती, लपून पळेल. तुम्ही 'बस' म्हणालात तर बसेल, तुम्ही वर्षात दोनदाच काही सांगता म्हणून बसेल. घरात झोपलीये ना? — मान कुठे हलवताय? पलीकडे? आजही, एवढं दुखत असताना? — सकाळी नऊला. म्हणजे परत निघाली असेल. तुमची स्नोमोबाइल कुठाय, किल्ली द्या, मी वाटेत गाठते, मागे बसवून — तो ठिपका तीच ना? पिवळी टोपी. तीच. साइमी! थांब! तिथेच थांब! — ऐकू जात नाहीये तिला, वारा उलटा आहे. तुम्हीही हात करा, काका, दोन्ही करा, असे —

थांबली. हो, बघतेय आपल्याकडे. काठी वर केली तिने.

नाही, नाही गं. तिला वाटतंय आपण तिला जोर द्यायला ओरडतोय. वाकली बघा, वेग घेतला — हात खाली करा, काका. खाली करा हात.