सुनेच्या साबणाचा फेस

अकरा नोव्हेंबर, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे. केशकर्तनालयाच्या बाकावर एक निवृत्त तंत्रशिक्षक एकटेच आपल्या नंबराची वाट पाहत समोरचे बोलणे ऐकत होते. खुर्चीतले आजोबा घरून आणलेली साबणाची वडी न्हाव्याला दाखवत होते.

"सुनेनं घरी केलाय. फेसच धरत नाही बघ."

"तिला सांगितलंत?"

"सांगितलं कसलं! पाहुण्यांसमोर म्हणालो, यानं दाढीपेक्षा फरशी बरी निघेल."

"अरेरे! मग ती?"

"हसली. साबण विकायचं म्हणत होती, तो विषयच सोडला तिनं."

"घरी पाणी कुठलं?"

"बोअरचं. बादलीवर पांढरा थर बसतो."

"मग साबण बिचारा काय करणार? क्षारांच्या जड पाण्यात फेस मरतो. हे माझं पाणी उकळून गार केलेलं आहे. ब्रश आधी चांगला भिजवायचा, मग थेंबाथेंबानं पाणी द्यायचं. आता आरशात बघा."

"अरे, ही तर साय!"

"साबणात खोट नव्हती, आजोबा."

"तिला फोन लाव. माझे गाल फेसानं भरलेत, स्पीकरवर ठेव."

"हॅलो बाबा, बरे आहात ना?"

"अगं, तुझ्या साबणाला फेस येतो! दोष पाण्याचा होता. म्हणजे माझाच. पुन्हा करशील?"

"साचे देऊन टाकले, बाबा. आता नाही हो व्हायचं. ठेवू? कामावर आहे."

"ठेव, ठेव."

न्हाव्याने वस्तरा उचलला. फळीवरच्या फोनवर बोलण्याचा वेळ दिसत होता: बावीस सेकंद.