एका जागी दोघांनी लिहिलं तेव्हा

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, रुग्णालयातील माझे सहकारी, आणि पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलेल्या आपल्या संगणकताई,

ताईंनी आजच्या सत्काराला होकार दिला तो एका अटीवर. कौतुक करणार असाल तर ते रिपोर्टचं प्रकरणही सांगा, म्हणाल्या. त्यांचा शब्द मोडायची माझी काय टाप?

आपल्या प्रयोगशाळेतला जुना संगणक एका कोअरचा, म्हणजे काम करणारा मेंदू एकच, आणि त्याला जोडलेली रक्त तपासणारी यंत्रं दोन. संगणकाचा कारभार बघणारी ऑपरेटिंग सिस्टीम दोन्ही यंत्रांच्या कामांना आळीपाळीनं वेळ द्यायची, इतक्या झटपट की दोन्ही एकदमच चाललीत असं वाटावं. मग चार कोअरचा नवा संगणक आला. सिस्टीमनं रिकामे कोअर पाहून कामं त्यांच्यात वाटली आणि ती खरोखरच एकाच क्षणी चालू लागली. रिपोर्ट भराभर निघू लागले. आम्ही ताईंची पाठ थोपटली.

पण त्यांच्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही कामं निकाल लिहायला मेमरीतली एकच जागा वापरत. गफलत जुन्या संगणकावरही होऊ शकली असती, पण झाली नव्हती. नव्यावर दोन कोअरनी तिथे एकदम लिहिलं, आणि शिवणकाम करणाऱ्या एका आजींच्या नावावर तरण्याताठ्या ड्रायव्हरचे आकडे छापले गेले. आजी खुशीत घरी गेल्या. परत आल्या त्या पाय सुजून, जावयाच्या आधारानं. मूत्रपिंडं पार थकली होती.

या अदलाबदलीचं कारण ताईंनीच शोधलं. वरून सूचना आली की संगणकाचा दोष म्हणून कळवा. ताई म्हणाल्या, "संगणकानं वाटणी बरोबर केली. एकाचं लिहून होईपर्यंत दुसऱ्यानं थांबायचं, हे त्याला सांगणं माझं काम होतं."

आम्ही दोघं आजींच्या खाटेपाशी गेलो. ताईंनी सगळं सांगितलं. आजींनी एवढंच विचारलं, "म्हणजे तेव्हा मी बरी नव्हतेच?"

"नाही, आजी."

आजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मलाही कुठे बघावं कळेना.

ताईंनी प्रोग्रॅममध्ये त्या जागेला कुलूप घातलं, एका वेळी एकच काम आत. पुढे आजी डायलिसिसला येत, तेव्हा ताई त्यांना बघून जिन्याकडे वळत. एकदा आजींनीच हाक मारली. "लपता कशाला? माझे रिपोर्ट छापण्याआधी तुम्ही बघत जा." ताईंनी ते आजींच्या शेवटापर्यंत केलं.

आज सकाळी मी म्हटलं, ताई, आता तरी ती लाज सोडा. त्या म्हणाल्या, "राहू दे, डॉक्टर. ती गेली की माझं लक्ष सैल पडेल."

यापुढे बोलायला माझ्याकडे काही नाही. शांतपणे ऐकून घेतलंत, आपला ऋणी आहे. एखादा शब्द कमीजास्त झाला असेल तर तो माझ्या पदरात घाला, ताईंच्या नको.