तोरनाखाली उभा केला त्याले

बसा बापा, पंखा लावते, हे घर माहं नालवाडीचं, पन जलम माहा देवळीकडच्या खेड्यातला, बाप कास्तकार, वावर कपाशीचं, अन् आमी दोघंच भाऊबहीन, दादा मोठा अन् मी शालू. दादाच्या हाती खडू देल्ला का थो भिंत भरून टाके, अन् मी दिवसभर इचारत फिरे, माय, बल्ब काऊन पेटते, पानी टाकीत वर कसं चढते, माय म्हने दोघंही येडेच निंगाले. थे येडे मंग मास्तर झाले, दादा चित्रकलेचा, त्याच्या चित्रांचं प्रदर्शन नागपूरले लागलं, अन् मी विज्ञानाची, देवळीच्या शाळेत केस पिकेपर्यंत शिकवलं. लग्न केलं नाई, थे सोडा आता.

दादाची पोट्टी छकुली. तिच्या पायात जलमापासूनच जीव नाई. आता आमच्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरते, लेकरं आपापले लाकडाचे बैल सजवून आखरावर, गावाच्या मोकळ्या मैदानात, आनतात, तोरनाखाली रांग लागते, मंग घरोघरी बोजारा मांगत फिरतात, खाऊ म्हना, चिल्लर म्हना. छकुली ओट्यावर बसून पाह्ये. एका वर्षी ते म्हने, आत्या, बैलानंच मले घेऊन गेलं पाह्यजे ना वं. लागलं थे मनाले. म्या दादाले म्हनलं, तू बैल घडव, बसता येईल असा, चाकं लाव. दादा म्हने, पन दवाखान्याची खुर्ची दिसली नाई पाह्यजे शालू, बैलच दिसला पाह्यजे, नाई तं लेकरू लाजते.

पह्यला बैल उलटलाच, वजन सारं मानेत गेलतं. मंग म्या चाकं रुंद केली, बसाची जागा खाली घेतली, कासरा असा बांधला का उजवीकडं ओढला का बैल उजवीकडं वळे. मोटर अन् बॅटरी बसवली ठोंबऱ्यानं. हा ठोंबरे दादाचा शाळेतला सोबती, आमच्याच गावचा, वर्धेले इंजिनेरिंग कॉलेजात प्रोफेसर. खोटं काऊन बोलू, मोटर त्याचीच होती, अन् चांगली होती. त्या वर्षी छकुली बैलावर बसून रांगेत लागली, गावातली मानसं रडली, अन् मीही रडली. मंग तळेगावहून एक बाई आली, माह्या पोराले करून द्या म्हने, मंग आनखी आले, गावानं लाकूड देल्लं, कोनी झुली शिवून देल्ल्या. दादानं एकाही बैलाचा चेहरा दुसऱ्यासारखा केला नाई. कोनता खोडकर, कोनता म्हातारा, जसं लेकरू तसा बैल.

अन् मंग थे पेपरात आलं. ठोंबऱ्याले मोठा पुरस्कार, शाल, हार, बाजूले आमचा बैल, अन् खाली त्याचं बोलनं छापलेलं, का कल्पना अन् रचना माझी, लाकूडकाम गावातल्या एका सुताराकडून करून घेतलं, अन् एका बाईंची मदत झाली. मी ते एका बाई. सुतार म्हनजे काई कमी नाई, पन दादाले नाव होतं का नाई, नाव? आयत्या बिळावर नागोबा! दादानं पेपर वाचला, घडी केली, रंगाचे डबे उचलून माळ्यावर ठेवले. त्या दिवसापासून ब्रश हाती धरला नाई त्यानं. म्या तवाच ठरवलं, याले सोडाचं नाई.

पुढच्या तान्ह्या पोळ्याले ठोंबरेच पाव्हना म्हनून आला, बक्षीस वाटाले, गाडीतून, फेटा बांधून. आता आमच्या गावचा कायदा असा, का तोरन तुटून पोळा फुटाच्या आंदी झडत्या म्हनतात, चार ओळीच्या टोमण्याच्या कविता, त्यात ज्याचं नाव आलं त्यानं उभं राहूनच ऐकाचं, राग धराचा नाई, तोरन तुटेपर्यंत जाचं नाई, अन् उत्तर देयाचं तं झडतीतच देयाचं. पाटलाचंही नाव निंगते, मास्तराचंही. पन झडती गड्यांनी म्हनाची, बाईनं नाई. मी गेली पुढं. म्या म्हनलं,

लाकडाचा बैल, पाठीवर झूल,
घडवला दादानं, ठोंबऱ्याच्या गळ्यात फूल,
बैल इचारे सभेत, मान करून वर,
चोरा, माह्या धन्याचं नाव घे, मंग जाय घर!

हर बोला म्हनून सारं आखर गाजलं. ठोंबऱ्याचं तोंड उतरलं. गावचाच होता, त्याले निंगता येत नोतं. त्यानं माईक घेतला अन् म्हने, बंधुभगिनींनो, हे सामूहिक कार्य आहे. लोक म्हने भाषन नाई, झडती म्हन, झडती! आली नाई त्याले. घामानं फेटा भिजला त्याचा, अन् म्या पोटभर पाह्यलं. लय गोड वाटलं, काय सांगू तुमाले, पुरनपोळीत नाई तेवढं.

आता ते झडती लेकरायच्या तोंडी बसली हाये. देवळीच्या स्टँडवर त्याची गाडी दिसली का पोट्टे सुरू होतात. यंदा त्यानं पेपरात दुरुस्ती छापून आनली, दादाचं नाव, माहं नाव, अन् घरी आला, शालूताई आता पुरे करा म्हने, मले गावात तोंड दाखवता येत नाई. दादाही म्हने, माफ कर शालू, आपल्या अंगनात आला मानूस. म्या चहा देल्ला त्याले, अंगनात आल्यावर देतेच. पन माफी नाई. दादाले म्हनलं, डबे काढ माळ्यावरचे, आज रंगव, आत्ता माफ करते. दादा हातांकडं पाह्यत राह्यला, अन् म्हने, इच्छाच होत नाई वं. तळेगावचं पोरगं वाढलं, त्याचा नवा बैल तसाच पडला हाये, चेहरा नाई त्याले.

मंग सांगा, नाव वापस आलं, पन हात कुठं आला? तो नाई आला तं दर पोळ्याले नवीन झडती, जिवंत हाये तोवर. यंदाची जुळवून ठेवली मी, आंदीच्याहून तिखट. तुमी चहा घ्या बाप्पू, इतक्या दुरून ऐकाले आले, देव तुमचं भलं करो, लेकराबाळाले सुखी ठेवो. ठोंबऱ्याचं देवानं पाहू नये, त्याचं मी पाहून राह्यली.