ज्याची त्याची चाल

पन्नास मैलांच्या घोडेशर्यतीच्या वाटेवर पाइनच्या झाडांखाली तपासणीची रांग लागली होती. घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला साठावर उतरल्याशिवाय जनावरांच्या डॉक्टरबाई कुणालाच पुढे सोडत नव्हत्या. लोरीन आपला घोडा धरून उभी होती. तिच्या पुढे एक टोपीवाला आणि साठी उलटलेली एक बाई होती.

"बाई, स्पष्टच बोलतो. सकाळपासून तुमची घोडी माझ्या घोड्याच्या शेपटीला चिकटलीय."

"मी मागेच ठेवत होते हो. तुम्हीच दर चढाला थांबायचात."

"थांबत नव्हतो, घोड्याचा दम राखत होतो. पन्नास मैल काढायचे तर ज्यानं त्यानं आपल्या चालीनं जावं. अकरा वर्षं करतोय मी हे."

"असेल बाबा."

"डॉक्टरबाई, आधी यांना मोकळं करा. म्हणजे माझा घोडा सुटेल एकदाचा."

"घोडीचे अठ्ठावन्न. जा आजी, पलीकडे गवत ठेवलंय. आता तुमचा बघू. साठ... थांबा, अडुसष्ट. आता अठ्ठ्याहत्तर."

"असं कसं? आत्ता तर शांत होता."

"आत्ता घोडी शेजारी होती. खिंकाळतोय कुणाकडे बघून, ते बघा की."

"आता काय करायचं?"

"मला कशाला विचारता? त्यांना विचारा."

टोपीवाल्यानं टोपी काढली.

"अहो बाई, जरा घोडीला घेऊन इकडे येता का? नुसत्या उभ्या राहा."

"येते की. तिचं गवत तेवढं उचलून आणा."

त्यानं गवत आणलं. घोडी खायला लागली.

"घोड्याचे छप्पन्न," डॉक्टरबाई म्हणाल्या. "झालात पास."

"बाई, इथून पुढे कुठल्या चालीनं जायचा विचार आहे तुमचा?"