विलायती भुकटीची पिल्लं

रखमाजी : पाटी खाली ठेव, पुतळे, आन् पिल्लं गपचूप खुराड्यात सोड. रावसाहेब आजच मुंबईहनं बंगल्यावर आलेत, दुपारचे आडवे झालेत, तवर उरकू.

पुतळाबाई : उरकायला चोरी हाय व्हय, भाऊ? मळवलीपास्नं डोक्यावर आणलीत. आधी बोलू, मग सोडू.

रखमाजी : बोलायचं काय त्यात? सशाच्या मादीला अकरा पिल्लं झाली, चारा कुरतडायला लागली तवा चार मेली. सात माना टाकलेली तुला दिली, वढ्यात टाक म्हणलं. तू जगवलीस. लय झ्याक केलंस. आता आण हिकडं.

पुतळाबाई : आन् चार मेली तवा रावसाहेब काय म्हणले, ते इसरला?

रखमाजी : मोठी माणसं, बोलत्यात.

पुतळाबाई : "हिच्या हातानं घाण झाली, घाणीनं पिल्लं मेली." सशांच्या कामावरनं फाटकाभायेर काढली मला. तुमी तेच बाजारभर सांगत सुटला. तीन सालं महिपतीआबाच्या शेळ्या अर्धलीनं वाढवल्या म्या, एक करडू त्येचं, एक माजं. परवा म्हणतो कसा, "नको बाई, तुज्या हाताखाली जनावर टिकत न्हाई." माजं दावं रिकामं पडलंय, भाऊ.

रखमाजी : आगं, माजं बी बिऱ्हाड रस्त्यावर पडंल! चार वाजता पुण्याचा गोरा साहेब येतोय, शेतकीतला. विलायती भुकटीनं पिल्लांचं पोट सुदारतं, अंग भरतं, ते दावायला रावसाहेबांनी बोलावलाय. सात पिल्लं झकास हायेत म्हणून म्याच त्येंला मुंबईला कळवलं व्हतं. खुराड्यात पिल्लं दिसली न्हाईत तर बंगल्याच्या मागल्या खोलीतनं आमाला पोराबाळांसकट हाकलतील.

पुतळाबाई : भुकटीनं अंग भरतं हे खरं हाय. तुमचं बगा की.

रखमाजी : हळू बोल! पिल्लंच उरली न्हाईत, तर भुकटी वाया कशापायी घालवायची? मला वायू लय. दुधातनं घेतली की गोड लागती.

(रावसाहेब वामकुक्षी आटोपून व्हरांड्यात येतात. तीस वर्षं सरकारी कचेरीत फायली वाढवल्यावर आता लोणावळ्याच्या हवेत ससे वाढवायला निघालेले गृहस्थ.)

रावसाहेब : वा, रखमाजी! पाटीत काढून ठेवलीस होय? काय ही कांती! पोट घट्ट, डोळे तेजस्वी, अगदी पुस्तकात लिहिलंय तसं. पचनसंस्था, रखमाजी! सगळी मेख पचनसंस्थेत असते. रोज दोन चमचे दिलेस ना, कोमट दुधातून?

रखमाजी : एक दिस खाडा न्हाई, साहेब.

पुतळाबाई : खाडा न्हाई, ते खरं हाय. रोज दोन चमचे. फकस्त त्येंच्या सोताच्या तोंडात.

रावसाहेब : ही बाई आत कशी आली? हिला मी काढून टाकलं होतं ना?

पुतळाबाई : व्हय, काढलं व्हतं. आन् ही सात माज्या घरनं आलीत. वढ्यात टाकायला दिली व्हती मला. एकानं बी तुमच्या भुकटीचा वास घेतला न्हाई.

रावसाहेब : रखमाजी?

रखमाजी : साहेब, माजी बी पचनसंस्था जरा...

रावसाहेब : तरीच तुझ्या कोटाची बटणं लागेनाशी झाली! पण मग ही जगली कशी? काय घातलंस गं यांना?

पुतळाबाई : सुकं गवत, वाईच बोरीचा पाला. आन् त्येंच्या आईच्या लेंड्या.

रावसाहेब : शी! शी!

पुतळाबाई : मादी पिल्लांच्या पेटीत आपसूक लेंड्या टाकती. पिल्लं त्या चघळत्यात, मग पोट चाऱ्याला सरावतं. म्हणून म्या त्या ऱ्हाऊ दिल्या व्हत्या. तुमाला ती घाण दिसली. पेटी फिनेलनं धुतलीत, वर गोड दूध पाजलंत. हगवण लागंल न्हाई तर काय व्हईल? रखमाजीभाऊ केर टाकत्यात, त्यातल्या लेंड्या म्या रोज पदरात बांधून न्हेल्या.

रावसाहेब : शुद्ध अडाणीपणा! माझ्याकडे चाळीस पानांचं पुस्तक आहे. त्यात यातलं एक अक्षर नाही.

पुतळाबाई : लिवणारा पेटीम्होरं बसला नसंल. मी बसली.

रावसाहेब : बरं, बरं. जा आता तू. रखमाजी, पिल्लं खुराड्यात सोड आणि भुकटीचा डबा साहेबांना दिसेल असा पुढे मांड.

पुतळाबाई : पाटीला हात लावू नका, भाऊ. टाकून दिलेला जीव, त्याच्यावर आता मालकी कसली सांगता? महिपतीआबा आत्ता दुधाचा रतीब घालायला हितंच येतोय. त्येच्यापुढं आन् गोऱ्या साहेबापुढं म्हणा, पिल्लं पुतळाबाईच्या हाताखाली जगली. काय खाऊन जगली ते बी सांगा. मग ठेवते. न्हाईतर ही मी निघाले.

रावसाहेब : साहेबांपुढे लेंड्यांच्या गोष्टी करू? अगं, तीस वर्षांची अब्रू आहे माझी!

पुतळाबाई : माजी तीन सालांचीच व्हती. तुमच्या येका बोलानं गेली.

रखमाजी : साहेब, टांगा फाटकापाशी आला. मागनं महिपतीआबा बी येतोय, चरवी घेऊन.

रावसाहेब : थांबा, थांबा, पुतळाबाई. ती पाटी... ती इथे टेबलावर ठेवा. आणि तुम्ही पाटीजवळच उभ्या राहा. रखमाजी, तो डबा आत ने. महिपतीला म्हणावं, दूध राहू दे, आधी वर ये.

रखमाजी : जी. आन् साहेबासाठी चहा?

रावसाहेब : चहा मागून. आधी आतून तो जाडा कोश आण. लेंडीला इंग्रजीत काय म्हणतात ते बघू दे.