रेघेच्या वरचा देव्हारा

आता तुम्हीच सांगा, देव्हारा भिंतीला टांगायचा यात अवघड ते काय? दोन भोकं, दोन स्क्रू, एक नमस्कार! पण नाही... महाडात राहायचं तर आधी बघावं लागतं, पुराची रेघ कुठवर आहे?

तुम्हाला सांगतो, राजेशच्या घरात ती रेघ त्याच्या डोक्यावर हातभर. मागच्या मोठ्या पुरात सावित्री नदी तेवढी उभी राहिली होती, आणि त्याच्या आईचा, आनंदीबाईंचा, सागवानी देव्हारा पार खाली. लोक संकटात देव पाण्यात ठेवतात, यांचे देव सावित्रीनं न विचारता ठेवले! पाणी ओसरल्यावर बाळकृष्ण सापडला तो मिक्सरच्या भांड्यात. तेव्हापासून आनंदीबाईंचं एकच, "राजेश, देव रेघेच्या वर ने, नायतर या घरात मी पावसाळा काढायची नाय. पोलादपूरला भावाकडं जाईन." आणि या बाई बोलतात ते करतात हो! पिशवी भरायला घेतली. आता आई मामाकडं जाऊन बसली तर अख्खं पोलादपूर काय म्हणेल? लेकानं म्हातारीला बाहेर काढली!

मग काय, एमआयडीसीतल्या पाळीला सुट्टी टाकून राजेशनं ड्रिल आणलं. रेघेच्या खाली भिंत वाजवून बघितली. टण टण! वाजणारच की, पुरानंतर तिथं सिमेंटचा नवा गिलावा झालाय. वर वाजवली... बद बद. वर पाणी पोचलंच नव्हतं, म्हणून तिथला गिलावा आजोबांच्या वेळचा, चुन्याचा, तसाच ठेवलेला. म्हणजे बघा, जिथं भिंत धरते तिथं पूर येतो, आणि जिथं पूर येत नाही तिथं भिंत धरत नाही. खाली पूर, वर भुगा!

तरी ड्रिल लावलंच. बोटाएवढं भोक पाडायला गेला, मुठीएवढं पडलं. प्लॅस्टिकची गिट्टी ठोकली, ती आत गेली ती गेलीच, आजोबांना भेटायला गेली असेल. बायको स्नेहल खाली शिडी धरून उभी, डोक्यावर चुना, म्हणते, "अहो, अजून थोडं पाडा, देव्हारा कोनाड्यातच बसेल!"

"गप गो!"

मग सिमेंट भरलं, लांब स्क्रू रोवला, वाळू दिलं, खात्री करायला स्वतः लोंबकळला... सिमेंटचा गोळा, स्क्रू आणि राजेश, तिघं एकदम खाली. खाली पूर, वर भुगा!

शेवटी कंबर चोळता चोळता त्याच्या डोक्यात उजेड पडला. गिलावा धरत नाही ना? मग गिलाव्याच्या नादाला लागायचंच कशाला? भिंतीतून आरपार लांब बोल्ट काढायचे, पलीकडून लोखंडी पट्टी लावून नट आवळायचे, सगळी भिंतच चिमट्यात! आता यात चूक काढा! काढून दाखवा!

चूक एवढीच, की भिंत सामाईक. पलीकडे सहदेव. आणि सहदेवशी पन्हळीच्या पाण्यावरून बोलणं बंद.

गेला बिचारा. "सहदेवभाऊ, जरा भिंतीला भोकं पाडायची होती."

"कुणाच्या भिंतीला?"

"आपल्या."

"आपल्या? पन्हळीच्या वेळी तर तुझी एकट्याची होती ना रे?"

राजेशनं मान खाली घातली. घरात आई पिशवीत लुगडी भरत होती. सहदेवनं त्याला चांगला ताटकळत ठेवला, मग म्हणाला, "बरं, पाड. पण तुझे बोल्ट माझ्याकडं जरा लांब येऊ देत. मला टीव्ही अडकवायचा हाय."

तर अलीकडे देव्हारा, पलीकडे टीव्ही. राजेश पुन्हा लोंबकळला. हूं की चूं नाही! आनंदीबाई स्टुलावर चढल्या, देव मांडले, दिवा लावला, खाली उतरून पिशवी रिकामी केली. राजेशच्या डोळ्यांत पाणीच आलं हो.

आणि मग लागली जुलैची झड. पुराचा भोंगा वाजला, बाजारपेठ पळायला लागली, राजेशनं रिक्षा आणली, बघतो तर आई स्टुलावर! एकेक देव उतरवून फडक्यात गुंडाळतेय.

"आई, अगं, देव रेघेच्या वर हायत! त्यासाठीच तर केलं सगळं!"

"मग? आपण पळायचं आन् देवांनी एकटं राहायचं? काळोखात? घाबरले म्हंजे?"

देव पिशवीत, पिशवी मांडीवर, मांडी रिक्षात, रिक्षा पोलादपूरला! मामाकडेच!

पाणी उतरल्यावर परत आले. घरभर गाळ, फ्रिज आडवा, आणि देव्हारा वर, कोरडा, भक्कम... रिकामा. राजेश त्याच्याकडे बघत उभा, तेवढ्यात पलीकडून सहदेवची हाक, "राजेश, मानलं रे तुला! थेंब नाय लागला टीव्हीला!"

आनंदीबाईंनी पिशवीतून बाळकृष्ण काढला, पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "बघ, देवासाठी केलेलं कधी वाया जात नाय."

खाली पूर, वर सहदेवचा टीव्ही!