पत्त्यात बुर्जी नसते

मंडळी, आधी हात जोडतो. रामरायाला, मग तुम्हाला. आजचं कीर्तन खरं गोविंदबुवांचं. बुवांचा घसा बसला आणि पुजारीबाबांनी मला पुढं ढकललं! मी वाचनालयात कपाटं लावणारा माणूस. चाळीस वर्षं लोकांना एकच वाक्य मोठ्यानं म्हटलं — 'शांतता राखा!' आता मलाच मोठ्यानं बोलायचंय. पेटीवाले सदूभाऊ, मी सूर सोडला तर तुम्ही सोडू नका. आणि हसू आलं तर आत्ताच हसून घ्या, मंडळी. पुढं हसायला फारशी जागा नाही.

प्रश्न असा आहे. एका कामाची कला दुसऱ्या कामाला चालते का? बुद्धिबळात ज्याला पंचक्रोशीत कोणी हरवलं नाही, तो पत्त्याच्या डावाला बसला तर जिंकेल का? हो म्हणणारे हात वर करा. अहो, करा! लाजता काय, लाजायचं काम माझं आहे! ... मागं तिघे. खांबाशी एक मावशी. बरं. सदतीस वर्षांपूर्वी कोणी विचारलं असतं, तर माझाही हात वर असता. खरं सांगू? होताच. ते शेवटी सांगतो. आत्ता सांगितलं तर पुढचं बोलवणार नाही.

ऐका तर. आपल्या याच करंजपेठेत, कासार गल्लीच्या तोंडाशी, निवृत्ती माळवदे शिंप्याचं दुकान होतं. तीस वर्षांचा, बारीक अंगाचा, गळ्यात टेप. वडील मरताना त्याला एकच सांगून गेले, "निवृत्ती, घर पेटलं तर आधी गिऱ्हाइकाचं कापड बाहेर काढ. मग आपलं अंथरूण." असं घर!

आणि बुद्धिबळ? काय सांगू! संध्याकाळी वाचनालयाच्या ओट्यावर पट मांडायचो आम्ही. वकील हरले, मुख्याध्यापक हरले, मी तर हरण्यासाठीच बसायचो. खेळ आपला जुना, देशी. त्यात एक नियम असतो, तो नीट ध्यानात ठेवा, सगळी कथा त्यावर आहे. समोरच्याची सगळी मोहरी मेली, राजा एकटा उरला, की डाव थांबतो. त्याला म्हणतात बुर्जी. हार नाही, जीत नाही. उघड्या राजाला मारत नाहीत! किती सभ्य खेळ! बुर्जी झाली की दोघांनी हात मागं घ्यायचे आणि चहा मागवायचा.

माघात जनावरांची जत्रा भरली. तुम्हाला ठाऊकच आहे. चिंचेखाली घोंगडं पसरून तिरट चालायची. तीन-तीन पानं, ज्याची मोठी तो जिंकला. तिथं बसायचा धुळाजी हेडी. बैलांचा दलाल, पोट सुटलेलं, तोंडात पान. हुशारीचं नावसुद्धा नाही! निवृत्ती उभ्यानं बघत राहिला. मनात म्हणाला, हा गडी? ह्याला तर मी चहा पितापिता हरवीन.

बसला! आणि मंडळी, पहिल्या दिवशी जिंकला!

इथंच घात झाला बघा. हरला असता तर वाचला असता. लोक म्हणाले, "डोकं बघा, डोकं!" कोणी म्हणालं का, नशीब बघा म्हणून? जिंकलं की डोकं, हरलं की नशीब! आपल्या सगळ्यांचं असंच असतं की नाही? आणि धुळाजीनं काय केलं? तो सकाळी उपरण्यात पैशांची एक गाठ मारून यायचा. गाठीत असेल तेवढंच खेळायचं. गाठ मोकळी झाली, तसा तो उठला, उपरणं झटकलं. "आजच्यापुरतं झालं, राम राम!" — आणि हसत बैल बघायला गेला. ही गोष्ट निवृत्तीला दिसली, पण वाचता आली नाही.

दुसऱ्या दिवशी निवृत्ती निघाला, तर वाटेत बहिर्जी नाईक भेटले. नाईक म्हणजे शाळूची राखण करणारे म्हातारे गृहस्थ. रानात खोप, हातात गोफण, छातीत कफ. पोरगा खंडू फौजेत. त्यानं जाड लोकरी कापड पाठवलं होतं, बापाच्या कोटासाठी.

"निवृत्ती, बाळा, गुरुवारपर्यंत हुईल का रं? थंडी लई झोंबतीया."

"होईल की नाईक! उद्याच शिवतो."

"शिंप्याचा उद्या!" म्हातारा हसला. "म्हंजी होळीला!"

निवृत्ती पण हसला. कापड पिशवीत टाकलं. पिशवी खांद्याला. आणि पाय चिंचेकडं.

त्या दिवशी धुळाजी पानं न बघताच खेळत होता. तीन पानं समोर पालथी, तशीच चाल! निवृत्ती त्याच्या चेहऱ्याकडं बघतोय, डोळ्यांकडं बघतोय. हा घाबरलाय का? दाबतोय का? पटावर प्रत्येक चालीमागं हेतू असतो ना! पण मंडळी, ज्यानं स्वतःची पानं पाहिलेली नाहीत, त्याच्या तोंडावर वाचणार काय? कोरा कागद वाचत बसला हो, दुपारपर्यंत! पाकीट गेलं. घड्याळ गेलं. बोटातली अंगठी गेली. तेव्हा निवृत्तीनं दोन्ही हात मागं घेतले आणि अगदी शांतपणे म्हणाला,

"बुर्जी."

"काय झाली?" धुळाजीनं विचारलं.

"बुर्जी. माझ्याकडं एकही मोहरं राहिलं नाही. डाव थांबला."

चिंचेखाली हशा पिकला! धुळाजीनं पान थुंकलं. "शिंपीदादा, ह्यो पट न्हवं, घोंगडं हाय. हितं डाव थांबत न्हाई, माणसानं थांबायचं आसतं. उठायचं तर उठा! कुणी धरलंय?"

खरंच कोणी धरलं होतं? रस्ता मोकळा होता. पाय मोकळे होते. पण सगळे हसले होते ना! आमचा निवृत्ती, ज्याच्यापुढं वकील हात टेकायचे, त्याला हसले होते.

धुळाजी म्हणाला, "पिशवीत काय हाय?"

"कापड."

"कुणाचं?"

मंडळी, हेडी माणूस, पण त्यानं विचारलं हो! कुणाचं, म्हणून विचारलं! इथं एक शब्द खरा निघाला असता तर आज मी दुसरं आख्यान लावलं असतं.

"माझंच," निवृत्ती म्हणाला आणि पिशवी डावावर लावली.

पानं आली. उचलली — दोन राजे! तीन पानांत दोन राजे! त्याचा ऊर भरून आला. धुळाजीनं आपली पानं तेव्हा पहिल्यांदा उलटली. दुर्री, तिर्री, चौकी. ओळीनं तीन पानं, म्हणजे जोडीपेक्षा मोठी. तीन प्याद्यांनी दोन राजे मारले! ह्यात धुळाजीचं डोकं कुठं? आणि निवृत्तीची चूक कुठं? डावात नव्हती. डाव नशिबाचा होता. चूक त्याच्या आधी झाली होती, एका शब्दाची.

सदूभाऊ, पेटी थांबवा जरा. पुढचं सुराशिवायच सांगतो.

गुरुवारी नाईक दुकानी आले. "झाला का रं कोट?"

"उद्या, नाईक."

म्हातारा हसून गेला. शिंप्याचा उद्या! गावाची ती थट्टाच ना? कोणाला संशय यावा कसा? शनिवारी आले. "उद्या." सोमवारी आले तेव्हा उंबऱ्याला धरून उभे राहिले, खोकत. "उद्या, नाईक. नक्की उद्या."

निवृत्तीची बायको अनसाबाई आतून म्हणाली, "अहो, कोट होईस्तोवर घरातलं घोंगडं तरी द्या म्हाताऱ्याला! दोन-दोन पडलीत आपल्याकडं."

आता ऐका. मी विचारलं होतं ना, पटावरची कला दुसरीकडं चालते का? चालली, मंडळी! इथं चालली! निवृत्तीनं लगेच पुढच्या तीन चाली पाहिल्या. घोंगडं दिलं, की अनसा विचारणार, कोटाला इतका वेळ का? मग ती कापड बघायला कपाट उघडणार. मग सगळं गाव. पत्त्यात जे डोकं उपयोगी पडलं नाही, ते पाप झाकायला किती नेमकं धावून आलं!

"घोंगडं नको," तो म्हणाला. "त्यांना वाईट वाटेल. भीक दिल्यासारखं होईल."

किती चांगलं कारण! अनसाबाईला पटलंसुद्धा.

बुधवारी सकाळी शाळूवर पाखरं बसली होती आणि त्यांना कोणी उडवत नव्हतं. शेजारचे गडी खोपीत गेले. नाईक पोत्यावर गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. धुगधुगी होती अजून. कोणीतरी चिडून म्हणालं, "त्या शिंप्याला आधी धरला पाहिजे!" तर म्हातारा पुटपुटला, "त्याला बोलू नगा. जत्रेची गर्दी आसती त्याला... उद्या देनार हाय." आणि संपलं.

दहाव्याला खंडू रजेवर आला. दुकानापुढं टोपी काढून उभा राहिला. म्हणाला, "दादा, कोट अर्धा झाला असंल, न्हाईतर कापड तसंच असंल, जे असंल ते द्या. बाबांचं म्हणून घरात ठेवीन."

निवृत्तीचं मशीन थांबलं. तीन चाली पुढं बघणारा माणूस! त्या वेळी त्याला एकही चाल सुचली नाही.

"हरलो," तो म्हणाला.

"काय हरवलं?"

"हरवलं नाही, खंडू. हरलो. पत्त्यात."

खंडूनं त्याला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं निवृत्ती मला पुढं अनेकदा म्हणाला. खंडूनं टोपी घातली आणि गेला. करंजपेठेत परत आला नाही.

त्याच संध्याकाळी निवृत्ती पट घेऊन वाचनालयात आला. "आप्पा, मोहरी तुम्ही ठेवा. पांढरा राजा तेवढा मी नेतो." मी मोहरी घेतली. तो म्हणाला, "आपल्या खेळानं मला एक गोष्ट शिकवलीच नाही. माणूस उघडा पडला की खेळच त्याला उठवतो, असं वाटत राहिलं मला. आपण होऊन उठणं मी कधी शिकलोच नाही."

पुढं छत्तीस वर्षं त्यानं कापडं शिवली. पण 'उद्या' हा शब्द त्याच्या तोंडून कोणी ऐकला नाही. वार सांगायचा, नाहीतर म्हणायचा, होणार नाही. गेल्या श्रावणात तो वारला. अनसाबाईंनी मशीनचा खण उपसला आणि हे माझ्या हातात आणून दिलं.

हे बघा. मागच्यांना दिसतं का? लाकडी राजा. बोटाएवढा. रंग उडालाय, हाताळून हाताळून.

आता माझं राहिलं. शेवटी सांगतो म्हणालो होतो. जत्रेच्या आदल्या दिवशी निवृत्ती मला हरवून उठला होता. म्हणाला, "आप्पा, चिंचेखाली पत्ते खेळतात, मला जमेल का?" मी पत्त्याला जन्मात हात लावलेला नाही. मला काय कळत होतं? पण मी हसून म्हणालो, "अरे, तुझ्यासारख्या डोक्याला पत्ते म्हणजे पोरखेळ!"

एवढंच म्हणालो. कौतुकानं म्हणालो.

मंडळी, मघाशी चार हात वर झाले होते. मी मोजले होते. त्या हातांवर माझा राग नाही, तो हात माझाच आहे. तुमच्या घरातही कोणी हुशार असेल. त्याला 'तुला काय अवघड!' म्हणायच्या आधी एक विचारा — बाळा, तुला उठता येतं का? चारचौघांत हसं झालं तरी उठता येतं का? आणि ज्याला विचाराल, त्याच्याही आधी स्वतःकडून उत्तर घ्या. कारण कोणाचं ना कोणाचं कापड आपल्या सगळ्यांच्या पिशवीत आहे. आपलं नव्हे ते. विश्वासानं दिलेलं.

माघ लागलाय. शाळूवर आजही कोणीतरी राखणीला आहे. घरी जाल तेव्हा फडताळातलं जास्तीचं घोंगडं काढा आणि नेऊन द्या. आज.

रामराया, चुकलं असेल ते माझ्या पदरी घाल. हा राजा तुझ्या पायाशी ठेवतो. मोहरी तर केव्हाच संपली. आता तूच म्हण, डाव थांबला का?

टाळ वाजवू नका, मंडळी. शांतता राखा. थोडा वेळ.